खांबावरच्या खुणा

फोन टिंग वाजला आणि सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली दुपारची शांतता मोडली. जपानमधल्या खेड्यात आम्ही घेतलेल्या शंभर वर्षांच्या लाकडी घराचा सुतार विचारत होता, "खांबावर आधीच्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. रंधा मारू?"

"मुळीच नको," मी लिहिलं. "त्यांच्या शेजारी माझ्या लेकीच्या खुणांसाठी जागा आहे."

माझा नवरा तन्मय हसला. "अगं, छपराचा पत्ता नाही आणि तू खांब अडवून ठेवतेस!"

"तीन फ्लॅट सोडले, तिन्ही वेळा वल्लरीच्या खुणांवर रंग फासावा लागला. आता नाही. कितीही वर्षं लागोत, ते घर उभं करायचंच."

वल्लरी फोनमधला खांब न्याहाळत होती.

"आई, तोपर्यंत मी वाढायची थांबले तर?"