श्राद्धाला पीच

“हे इथे कुणी ठेवलं?”

धाकट्या काकांनी विचारलं. बोरामच्या सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. तसबिरीपुढच्या बैठ्या मेजावर भात, रस्सा, भाजलेला मासा, धिरडी, सुकी बोरं, नाशपती, सगळं जागच्या जागी होतं. काकांचं बोट मेजाच्या कडेकडे रोखलेलं होतं. तिथे बोरामने केलेला टार्ट होता. खरपूस सोनेरी कडा, आत दूध-अंड्याचा दाट पिवळा थर आणि त्यावर पीचच्या पातळ चकत्या, पाकळ्यांसारख्या एकीत एक बसवलेल्या.

“मी ठेवलाय, काका,” बोराम म्हणाली. “बाबांना पीच फार आवडायचे ना, म्हणून.”

“श्राद्धाला पीच?” काकांचा आवाज चढला. “अगं, पीचच्या वासानं पितर पळतात! म्हणून तर घराच्या अंगणात कुणी पीचचं झाड लावत नाही. दादा उंबऱ्यापर्यंत येतील आणि तसेच माघारी जातील. एवढंही शिकवलं नाही आईबापांनी?” मग ते थांबले आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शिकवणार तरी कोण म्हणा.”

बोराम अनाथाश्रमात वाढली होती. कोरियातल्या या यंगछॉन गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आजवर तोंडावर कुणी बोललं नव्हतं. तिचा नवरा जेसॉक “काका, अहो...” म्हणून पुढे झाला, तर काकांनी त्याला हातानेच गप्प केलं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या. आणि त्याच क्षणी बोरामच्या मनात जे आलं, ते काकांच्या टोमण्याहून जास्त लागलं. यांना तर माहीत असणार!

दुपारभर त्या तिच्या शेजारीच बसल्या होत्या. बोरामने मैद्यात गार लोणी चोळलं आणि लाटण्याच्या भानगडीत न पडता पीठ बोटांनीच साच्यात थापलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “एवढं सोपं असतं होय! मला वाटायचं, हे दुकानवाल्यांनाच जमतं.” छोट्या ओव्हनमधून भाजक्या लोण्याचा वास सुटला तशा त्यांनी स्वतःच सुरी हातात घेतली. पिकून मऊ झालेल्या पीचच्या चकत्या केल्या, पण एक तुटू दिली नाही. बोराम बोलत होती. लग्न होऊन ती आली त्या उन्हाळ्यात बाबा मोरीपाशी उभे राहून पीच खायचे, रस कोपरापर्यंत ओघळायचा. तिला पाहिलं की अर्धा तोडून द्यायचे, तोही गोड बाजूचा. सासूबाई सगळं ऐकत होत्या, हूं हूं करत होत्या. श्राद्धाला पीच चालत नाही, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

“मी उचलते, काका. चुकलं माझं.” बोरामने टार्ट उचलला.

“आण इकडे,” सासूबाई म्हणाल्या.

“वहिनी,” काका वैतागून म्हणाले, “अहो, तुम्ही घरातच होतात ना? तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?”

“सुटलं नाही. चकत्या मीच केल्यात.”

सासूबाई पुढे आल्या.

“मूत्रपिंडं गेल्यावर डॉक्टरांनी त्यांची फळं बंद केली. दवाखान्यातल्या खाटेवरून रोज म्हणायचे, एक फोड दे गं, नुसती एक. मी म्हणायचे, आधी बरे व्हा, घरी चला, टोपलीभर देते. पथ्य पाळलं मी. माणूस गेला आणि पथ्य तेवढं माझ्याकडे राहिलं.” त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. “आठवडाभर तुम्ही सगळे मला फोन करताय. माशाचं तोंड कुठल्या दिशेला करायचं, नाशपती कुठे मांडायच्या. त्यांना काय आवडायचं, हा विषय या पोरीशिवाय एकानंही काढला नाही. आणि हिला शिकवणारं कुणी नाही म्हणता? मी आहे की. काय शिकवायचं आणि काय नाही, ते माझं मी ठरवेन.”

बोरामच्या हातातून त्यांनी थाळी घेतली. भाताचा वाडगा जरा बाजूला सरकवला आणि टार्ट थेट तसबिरीपुढे ठेवला.

“जेसॉक, उदबत्ती लाव. दार सताड उघड.”

जेसॉकने दार उघडलं. बाहेरची उकाड्याची संध्याकाळ आणि रातकिड्यांची किरकिर आत आली. धाकट्या काकांनी घसा खाकरला, कोट नीट केला, पण नमस्काराला वाकले नाहीत. ते उघड्या दाराकडे बघत राहिले. मग बोलले तेव्हा आवाजातला सगळा ताठा गेला होता. उरला होता तो नुसता कुणाचा तरी धाकटा भाऊ.

“आणि वहिनी, दादा खरंच आले नाहीत तर?”

सासूबाईंनी टार्टची एक मोठी फोड कापली आणि चमचा त्या फोडीशेजारी ठेवला.

“एका पीचला भिऊन जो दारातून माघारी फिरेल ना, भाऊजी, तो माझा नवरा नव्हेच.”