शाळेसमोरचं वळण

"साहेब, पुन्हा तेच वळण," मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला. "आज शेळी आहे."

स्वच्छता निरीक्षकाने कपाळावर हात मारला. शहरात रस्ते काय कमी होते? पण मरायचं म्हटलं की प्रत्येक जनावराला शाळेसमोरचंच वळण आठवत होतं. गेल्या महिन्याभरात तिथे कुत्री झाली, मांजरं झाली, डुकराचं पिल्लूही झालं. पालक बोंब मारत वरच्या साहेबांकडे जात आणि साहेब याची खरडपट्टी काढत.

"उचल आणि पूर. बायपासवर जनावर मेल्याचा फोन होता, त्याचं काय झालं?"

"रिकामी फेरी. रस्त्यावर डाग आहे, जनावर नाही. कुणीतरी ओढून नेलं असेल."

"परत रिकामी? डिझेल काय तुझा सासरा देतो?" निरीक्षकाने फोन आपटला.

घरीही सुटका नव्हती. बायको त्याच शाळेत पहिलीला शिकवायची. तिच्या वर्गातली एक मुलगी त्या वळणावर ट्रकखाली येता येता वाचली होती. तेव्हापासून बायकोने स्पीडब्रेकरचा धोशा लावला होता.

"पोर गेल्यावर टाकणार का?" ती विचारायची.

"अगं, तो काय माझ्या खिशात आहे? जिथे जनावरं जास्त मरतात, तिथे आधी. नियमच आहे तसा."

"माणसाच्या पोरांसाठी नियम नाही का?"

यावर तो चिडायचा. त्यात तिला हल्ली पहाटे फिरायला जायचं खूळ लागलं होतं. सकाळचा चहा यालाच करावा लागे. पायी चालायला जाताना गाडी कशाला लागते, हे विचारायची सोय नव्हती.

शेळीच्या दुसऱ्या दिवशी वळणावर आणखी एक कुत्रं सापडलं. निरीक्षकाची सहनशक्ती संपली. तो तडक बांधकाम विभागात गेला आणि इंजिनिअरच्या टेबलासमोर ठाण मांडून बसला.

"स्पीडब्रेकर मंजूर करा, नाहीतर उद्यापासून ती जनावरं तुमच्या दारात आणून टाकतो."

आठवडा उलटायच्या आत वळणावर डांबर पडलं. संध्याकाळी तो छाती काढून घरी आला.

"झाला एकदाचा तुझा स्पीडब्रेकर. आता तरी माझं डोकं खाऊ नकोस."

बायकोच्या हातातली वही खाली पडली. तिचे डोळे भरून आले.

"पोरं वाचली हो," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे असं पाहिलं होतं. "आणखी काही हुकूम?" त्याने हसत विचारलं.

"उद्या गाडीची डिकी तेवढी तुम्ही धुवा," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "ती धुडं उचलून उचलून माझी कंबर पार गेलीय."