यादीतलं नाव

मंत्री यायचे असले की झोपडपट्टीवाल्यांच्या वकीलबाईंना पोलीस सकाळीच ठाण्यात आणून बसवत. मोर्चा नको, घोषणा नकोत. चाळीस वर्षांचा रिवाज. त्यामुळे आजही त्या काळा कोट घालून, पिशवीत बीपीच्या गोळ्या आणि चिवड्याचा डबा भरून दारात बसल्या होत्या. दहा वाजले तरी जीप आली नाही.

शेवटी रिक्षा करून, काठी टेकत त्या स्वतःच ठाण्यात गेल्या. "घोलप, मला विसरलात?"

हवालदार घोलप ओशाळले. "बाई, या वेळी तुमचं नाव यादीत नाही. साहेब म्हणाले, पंच्याहत्तरी झाली, आता कशाला त्रास द्यायचा?"

बाईंचा चेहरा एवढासा झाला. खटला हरल्यावरसुद्धा तसा कधी झाला नव्हता. मग त्या एकदम हसल्या. "म्हणजे आज मी मोकळी?"

अर्ध्या तासात त्यांनी मंत्र्यांच्या गाडीसमोर कोट काढला, काठीला बांधला आणि झेंड्यासारखा फडकवला. "आधी घर, मग बुलडोझर!" मागून अख्खी वस्ती ओरडली.

जीपमध्ये घोलप घाम पुसत म्हणाले, "बाई, नाव परत घालतो यादीत."

"घाला," बाईंनी चिवड्याचा डबा पुढे केला. "फक्त वय लिहू नका."