एमनचं पिंप

मॉसीने लाकडी हातोड्याने बुचाच्या दोन्ही बाजूंना ठोके दिले, तसं बूच वर आलं आणि गोदामभर व्हिस्कीचा वास पसरला. ब्रीड हीनी नकळत एक पाऊल मागे सरकली.

"घाबरू नका मिसेस हीनी, चावत नाही ती!" डिस्टिलरीचा मॅनेजर कोनर किन्सेला म्हणाला. भोवतीचे पाहुणे हसले. रेनकोटातले परदेशी पाहुणे होते, आणि मागे भिंतीला टेकून गावातले जुने कामगार.

पूर्वी शेरी वाइन मुरवलेलं ते पिंप एकोणीस वर्षांपूर्वी एमन हीनीने स्वतःच्या हाताने व्हिस्कीने भरलं होतं. एमनला जाऊन आठ वर्षं झाली. आता त्याच्या नावाने बाटल्या निघणार होत्या आणि पहिला घोट त्याच्या विधवेने घ्यायचा होता. ही कल्पना ब्रॉनाची. एमन-ब्रीडची ही एकुलती एक मुलगी इथेच पाहुण्यांना डिस्टिलरी दाखवायचं काम करायची. तिनेच ही कल्पना मॅनेजरच्या गळी उतरवली होती.

"दोन शब्द चांगले बोल, आई," सकाळी गाडीत ती म्हणाली होती. "बाकीचं आपल्या घरात राहू दे."

"आधी एक किस्सा झालाच पाहिजे," मॉसीने हातोडा खाली ठेवला. तीस वर्षं तो एमनच्या जोडीला होता. "एकदा ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आम्ही कुलूप लावून घरी गेलो आणि हा पठ्ठ्या आतच! दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडतो तर काय, दोन पिंपांच्या मधे राजासारखा आडवा. मला म्हणतो कसा, 'मॉसी, दार लाव, वारा येतोय!'"

गोदाम हसण्याने दणाणलं. ब्रॉना तर डोळे पुसत होती.

ब्रीडला त्या ख्रिसमसची सकाळ आठवत होती. नदीकाठी एमनची टोपी सापडली होती आणि शेजारचे तिघे होडीतून पाण्यात गळ टाकून त्याला शोधत होते. सहा वर्षांची ब्रॉना नवा फ्रॉक घालून काठावर उभी होती. "बाबा मासा आहे का?" असं विचारत होती. त्या होडीत मॉसीही होता. किश्शातला तेवढा भाग त्याने गाळला.

कोनरने तांब्याची नळी पिंपात सोडून व्हिस्की वर ओढली आणि ग्लासात धरली. गडद, जुन्या मधासारखी. त्याने ग्लास ब्रीडच्या हातात दिला.

"आधी नुसता वास घ्या. घाई नाही. आणि जे येईल ते सांगा. चूक-बरोबर असं काही नसतं."

ब्रीडने ग्लास नाकाशी नेला. पहिल्यांदा मनुके आले, मग करपलेली साखर. आणि त्यांच्या मागून, सगळ्यांना बाजूला सारत, उशीवर शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास.

"ओली लोकर," ती म्हणाली. "अंगावरच वाळलेला ओला कोट."

"वा! ओली लोकर!" कोनर खूश झाला. "ऐकलंत? याला म्हणतात नाक! अजून?"

"लोखंड. कडी... दाराची थंडगार कडी."

पाहुण्यांपैकी एका बाईने डोळे मिटून आपला ग्लास हुंगला आणि मान डोलावली. खरंच, तिलाही लोखंड आलं होतं.

ब्रॉना हसायची थांबली होती. ती आईकडे बघत होती, नुसती बघत होती, आणि तिचे ओठ हलले. आवाज न करता ती 'आई, नको' म्हणाली.

"माणूस कामाचा पक्का होता," ब्रीड मोठ्याने म्हणाली. "त्याने भरलेलं पिंप कधी गळलं नाही."

टाळ्या पडल्या.

"आणि आता एक घोट! एमनच्या नावाने!" कोनर म्हणाला.

ब्रीडच्या कोटावर येशूच्या हृदयाचा छोटा बिल्ला होता. आयुष्यभर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेणारे तो लावतात. तिने घेतली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गावातल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक होतं. ते आता आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कोनर नवा होता, तो हसतमुखाने थांबून राहिला.

ब्रीडने ग्लास उचलला. लेकीसाठी एवढं तरी, असं तिने मनाशी ठरवलंही. काच ओठांना लागली.

"थांब." ब्रॉना पुढे झाली आणि तिने आईच्या हातून ग्लास काढून घेतला. "माझ्या आईची शपथ आहे, मंडळी. तिच्या वाटचा मी घेते."

ब्रीडचे डोळे भरून आले. पोरीने लाज राखली, तिला वाटलं.

ब्रॉना रोज पाहुण्यांना शिकवायची: दोन थेंब पाणी घाला, जिभेवर घोळवा, घाई करू नका. तिने पाणी घातलं नाही. मान मागे टाकली, डोळे मिटले आणि अख्खा ग्लास एका दमात रिकामा केला. तिला ठसका लागला नाही, तोंडही वाकडं झालं नाही. उलट इतका वेळ वर चढलेले तिचे खांदे सावकाश खाली आले. एमनचे यायचे तसेच.

"एमनचीच पोर!" मॉसी ओरडला. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्या आवाजात ब्रीडने लेकीचं कोपर धरलं. "कधीपासून, ब्रॉना?"

ब्रॉनाने आईकडे पाहिलं नाही.

"सगळे बघतायत, आई. हस ना," ती म्हणाली आणि रिकामा ग्लास तिने पुन्हा नळीखाली धरला.