दुखलं की थांबा

"गुडघे ताठ ठेवून पुढं वाका. दुखलं की थांबा," फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोघांनाही सांगितलं. नवरा-बायको दोघांचीही कंबर वर्षभर दुखत होती.

नवरा जेमतेम गुडघ्यापर्यंत वाकला, कण्हला आणि थांबला. बाईंनी त्याला हळूच खुर्चीत बसवलं.

मग बायको वाकली. थेट खाली गेली, दोन्ही तळवे फरशीला टेकवले. वर येताना नवऱ्याचा खाली पडलेला कमरेचा पट्टाही उचलून आणला.

"तुमची कंबर तर ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना तिचा चेहरा दिसला. दातांखाली धरलेला ओठ फुटून रक्त आलं होतं.

"अहो, एवढं दुखत होतं तर थांबला का नाहीत?"

तिनं गोंधळून नवऱ्याकडं पाहिलं.

"थांबायचं ते यांना सांगितलंत ना?"