बुटातला खडा

लहानपणच्या तापानंतर लुएलाला ऐकू येत नसे, पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं ओहायोतल्या त्या गावात कोणी नव्हतं. मूकपटाला गेलं की धाकटी विल्मा तिला मुद्दाम शेजारी बसवी. पडद्यावर प्रेमाची वाक्यं छापून येत. नटनट्या प्रत्यक्षात भलतंच बोलत आणि ते लुएला बहिणीला सांगे.

सोमवारी नायकाने गुडघे टेकून अंगठी पुढे केली, तेव्हा नायिका म्हणाली होती, "लवकर आटप, माझ्या बुटात खडा गेलाय." विल्माची हसून मुरकुंडी वळली होती.

शनिवारी दुपारी दोघी तोच चित्रपट पुन्हा पाहायला आल्या. बाहेर मोटारीत क्लाइड थांबला होता. घरच्यांना न सांगता विल्मा आज त्याच्याबरोबर जाऊन लग्न करणार होती.

अंगठी पुढे आली. नायिका म्हणाली, "विल्माला त्याच्याबरोबर जाऊ देऊ नकोस."

विल्माने बहिणीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "काय म्हणाली गं?"

लुएला घुटमळली. मागे एकदा ती क्लाइडबद्दल बोलली, तेव्हा विल्मा फटकन म्हणाली होती, "तुझं कुठे जमलं नाही, म्हणून जळतेस."

"तेच. बुटात खडा."

"अगंबाई, अजून काढला नाही होय!" विल्मा हसली, तिच्या गालाचा मुका घेऊन उठली आणि बाहेर गेली.

लुएलाने पडद्याकडे पाहिलं. नायक अजून गुडघ्यांवरच होता. नायिका त्याच्याकडे पाहत नव्हती.

"तिला खोटं का सांगितलंस?" ती म्हणाली.