अख्खा जबडा

"हे मूळ बघा," सबनीसबाई दवाखान्यातल्या पडद्यावर बोट आपटत म्हणाल्या. "सातव्या वर्षी काळी रेघ. म्हणजे ही उपाशी राहिलेली मुलगी!"

"बाबांची गिरणी बंद पडली होती," हेमांगी म्हणाली. "आम्ही लपवलं नव्हतं, काकू."

पत्रिका मागे पडल्या आणि दातांतली वर्षं वाचणारं यंत्र आलं, तेव्हापासून मुलगी बघायला लोक दवाखान्यातच येत. दातांमधल्या फटींचा एक्स-रे खाण्याच्या सवयी सांगे, मुळांचा आजारपणं. हेमांगीचे दोन्ही काढून झाले होते. सबनीसबाईंचा मुलगा शार्दूल कोपऱ्यात गप्प बसला होता.

"डॉक्टर, आता अख्ख्या जबड्याचा काढा. राग त्यातच दिसतो. तापट सून मला नकोय."

"काढा. पण आधी यांचा," हेमांगी म्हणाली.

"खुशाल! माझा मुलगा म्हणजे गरीब गाय."

शार्दूलनं यंत्रात हनुवटी टेकवली. यंत्र त्याच्या डोक्याभोवती फिरलं आणि पडद्यावर जबडा उमटला. सगळ्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

"सहाव्या वर्षापासून दात आवळून जगतोय हा," डॉक्टर म्हणाले. "विसावं वर्ष तेवढं सुटलंय."

"तेव्हा मी होस्टेलला होतो," शार्दूल म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

सबनीसबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्याचा जबडा पुन्हा आवळला गेला.

हेमांगीनं पर्स उचलली. "माझं एकच वर्ष वाईट निघालं, काकू. यांचं एकच चांगलं."